एकच आजार, दुप्पट मृत्यू

२२ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्यावर प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. राष्ट्राध्यक्षांनाही त्याचा पत्ता नव्हता. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी त्रास वाढून त्यांना पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले, आणि ९ जानेवारीला आजाराचे नाव जगाला कळले. ऑस्टिन कृष्णवर्णीय आहेत. पुढे पत्रकारांसमोर माफी मागताना त्यांनीच सांगितले की हा आजार अमेरिकेत आठांपैकी एका पुरुषाला गाठतो, पण कृष्णवर्णीयांमध्ये सहांपैकी एकाला.

मृत्यूंचे प्रमाण तर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. हा आकडा मला फार अस्वस्थ करतो, कारण मूत्राशयाखालच्या या अक्रोडाएवढ्या ग्रंथीतला कॅन्सर तिथेच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर जवळजवळ सगळे रुग्ण हयात असतात. तो हाडांत पोचला की सुमारे एक तृतीयांशच.

मग दोष रक्ताचा का? थोडा आहे. आठव्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यात धोका वाढवणारे बदल असतात आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्यांतले काही जास्त आढळतात. आजार होण्याचे प्रमाण का जास्त, हे त्यातून काही अंशी कळते. पण एकदा निदान झाल्यावर कोण जगतो, याचे उत्तर माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत सापडले. तिथे विम्याची, पैशांची अडचण बरीच कमी. त्या सेवेतल्या साठ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत या कॅन्सरने दगावलेले कृष्णवर्णीय ४.४ टक्के, गोरे ५.१ टक्के. दुपटीचा फरक कुठल्या कुठे गेला! बाहेर मात्र निदान उशिरा होते, उपचार अपुरे पडतात. शिवाय १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेतल्या टस्कीगी इथे सरकारी प्रयोगात कृष्णवर्णीयांना सिफिलिसच्या उपचारांपासून मुद्दाम वंचित ठेवले गेले. त्यातून आलेला डॉक्टरांवरचा अविश्वास अजून पुसला गेलेला नाही.

२०१२ साली अमेरिकी तज्ज्ञगटाने या कॅन्सरची शक्यता दाखवणारी पीएसए ही रक्ततपासणी सरसकट करू नका, असे सांगितले. त्या सल्ल्याला आधार असलेल्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय पुरुष अगदी मूठभर होते. ज्यांना सर्वाधिक धोका, त्यांच्याविषयी इतक्या तुटपुंज्या माहितीवर निर्णय घेणे मला चूक वाटते. २०१८ मध्ये तो सल्ला बदलला: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पण कृष्णवर्णीयांत हा आजार लवकर सुरू होतो. म्हणून २०२४ मध्ये काही तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी पहिल्या पीएसएचे वय ४० ते ४५ सुचवले आहे.