बेंजामिन बटलर आणि 'काँट्राबँड'चा निकाल: पार्श्वभूमी

बेंजामिन बटलर हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला (१८६१–६५) उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या बाजूचा सेनापती. त्याचा जन्म १८१८चा, न्यू हॅम्पशरमधला. पण तो घडला मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल या गिरणगावात. वडील तान्हेपणीच गेले, आईने गिरणीकामगारांची खानावळ चालवून घर सांभाळलं. १८४०पासून वकिली, मग राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं. राजकारण डेमोक्रॅटिक पक्षाचं, गुलामगिरीविरोधाचं मुळीच नाही. १८६०च्या पक्ष-अधिवेशनात ज्या उमेदवाराला, जेफरसन डेव्हिसला, त्याने सत्तावन्न वेळा मत दिलं, तोच पुढच्या वर्षी संघराज्यातून फुटलेल्या बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला.

मे १८६१मध्ये व्हर्जिनियातला संघराज्याचा किल्ला फोर्ट मन्रो त्याच्या हाताखाली आला आणि लगेच २३ तारखेच्या रात्री तीन गुलाम होडीतून तिथे पोचले. मालक दक्षिणेच्या सैन्यात कर्नल. त्याच सैन्याचा तोफमोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन दक्षिणेचा एक मेजर त्यांना परत मागायला आला. आधार पळालेले गुलाम मालकाला परत करायला लावणाऱ्या १८५०च्या फरारी गुलाम कायद्याचा. बटलरचं उत्तर अस्सल कोर्टातलं होतं: व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते ना, मग आमचा कायदा तिला कसा लागू? मालकाने संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं न्यावीत. तोवर ते 'काँट्राबँड', म्हणजे जप्त करण्याजोगा युद्धोपयोगी माल.

कायद्याच्या काटेकोर नजरेने हा युक्तिवाद लंगडाच होता. काँट्राबँडचा नियम मुख्यतः तटस्थ जहाजांवरून शत्रूकडे जाणाऱ्या मालासाठी होता. शिवाय राज्यं फुटूच शकत नाहीत, अशी खुद्द वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारची भूमिका. आणि या युक्तीने गुलाम मुक्त झालेच नाहीत. ते माल होते, मालच राहिले. तरीही युद्धखात्याने आठवडाभरात मान्यता दिली. जुलैअखेर किल्ल्याच्या परिसरात सुमारे ९०० जण होते, त्यांत १७५ बायका आणि कितीतरी लहान मुलं. यांनी कुठे तोफमोर्चे बांधले होते? मग हे कोण? हा प्रश्न बटलरनेच वरिष्ठांना लेखी विचारला. ऑगस्टमधल्या जप्ती कायद्याने शत्रूच्या युद्धकामाला लावलेल्या गुलामांवरचा मालकांचा हक्क काढला. बाकीच्यांचं भिजत घोंगडं तसंच राहिलं.

श्रेय बहुतेक वेळा एकट्या बटलरला दिलं जातं. पण मुळात होडी वल्हवत आलेल्या तिघांनीच त्याच्यापुढे हा प्रश्न आणून ठेवला होता. महिनाभरापूर्वी, एप्रिलमध्ये, याच बटलरने मेरीलँडच्या गव्हर्नरला गुलामांचं बंड झालंच तर ते मोडायला मदत देऊ केली होती.

१८६२मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या लष्करी प्रशासनात त्याने काढलेला बायकांविषयीचा हुकूम (संघराज्याच्या सैनिकांचा अपमान करणाऱ्या बाईला वेश्येसारखं वागवा, असा) दक्षिणेत आजही शिवीसारखा आठवला जातो. १८६४च्या अखेरीस दक्षिणेचा फोर्ट फिशर हा किल्ला घेण्याची मोहीम फसली आणि त्याची लष्करी कारकीर्द आटोपली. पुढे रिपब्लिकन म्हणून काँग्रेसमध्ये त्याने १८६८च्या महाभियोगात राष्ट्राध्यक्षांविरुद्ध बाजू मांडली आणि सार्वजनिक ठिकाणी काळ्यांना समान वागणूक देणाऱ्या १८७५च्या नागरी हक्क कायद्यासाठी जोर लावला. १८८३मध्ये वर्षभर तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता. १८८४ला छोट्या पक्षांतर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, तीत सपाटून हरला. त्याच्या आदल्या वर्षीच सर्वोच्च न्यायालयाने नागरी हक्क कायद्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवून टाकली होती.