रॅडिकिओच्या सॅलडातले पार्मेझान

रॅडिकिओ या कडवट चिकोरीची तांबडी पाने हाताने फाडून घ्यावीत, हवे तर त्यांत कुरळे एन्डाइव्ह किंवा एस्करोल मिसळावे, आणि ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, लसूण व बारीक किसलेले पार्मेझान चीज एकत्र घोटून केलेले व्हिनेग्रेट त्यांवर घालावे, ही कृती अलीकडच्या इंग्रजी पाककृतींत इतकी रुळली आहे की तिच्यातील शब्दांपाशी कोणी थांबत नाही. वास्तविक त्यांतल्या दोन शब्दांमागे कायद्याचा इतिहास आहे. इटलीतल्या त्रेविझोचे तांबडे रॅडिकिओ आणि ज्यावरून पार्मेझान हा शब्द आला ते पार्मिजानो रेज्जानो हे चीज या दोहोंना युरोपात १९९६ या एकाच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ‘रॅडिकिओ’ हा शब्द सर्वांना खुला राहिला आणि ‘पार्मेझान’ या शब्दाचा वाद न्यायालयात जाऊन २००८ पर्यंत चालला.

पानांचा प्राचीन इतिहास थोडक्यात आटोपता येतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका रोमन कवीने ऑलिव्ह, चिकोरी आणि मॅलोची हलकी पाने एवढ्यावर आपले भागते असे लिहून ठेवले आहे, आणि ज्यूंच्या वल्हांडण सणात खायच्या कडू भाज्यांच्या जुन्या यादीतही याच कुळातील पाने येतात. देठ मोडला की जो पांढरा चीक दिसतो त्यातील लॅक्टुसिन आणि लॅक्टुकोपिक्रिन ही संयुगे कडवटपणाला कारणीभूत असतात. मुळाची हकीकत वेगळी आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी जाहीर केल्यावर युरोपात कॉफीचा तुटवडा पडला आणि चिकोरीचे मूळ भाजून केलेली पूड घरोघरी आली. तीच पूड पुढे दक्षिण भारतीय फिल्टर कॉफीत कायमची बसली. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. माटुंग्यात सकाळी डबरा-पेल्यातून कॉफी पिणाऱ्याच्या पोटात रॅडिकिओच्याच प्रजातीचे मूळ जात असते, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या कडू पानांच्या प्रजाती दोनच आहेत. सिकोरियम इन्टिबस या पहिल्या प्रजातीत रॅडिकिओ येते, तसाच अंधारात वाढवलेला विटलूफ हा फिकट, टोकदार गड्डाही येतो. सिकोरियम एन्डिव्हिया या दुसरीत कुरळे एन्डाइव्ह आणि रुंद पानांचे एस्करोल येते. बाजाराला मात्र ही वाटणी मान्य नाही. विटलूफला ब्रिटनमध्ये चिकोरी, अमेरिकेत एन्डाइव्ह, फ्रान्समध्ये ‘आंदीव’ आणि बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागात ‘शिकों’ म्हणतात, तर इंग्रज ज्याला कुरळे एन्डाइव्ह म्हणतो त्याला फ्रेंच माणूस कुरळी चिकोरी म्हणतो. त्यामुळे इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या पाककृतीत भाजीच बदलून जाते. इतकी गफलत होऊनही पानाच्या नावावरून कोणी दावा लावल्याचे दिसत नाही, कारण या नावांत कोणत्याही गावाचे नाव दडलेले नाही.

कडू पान खाण्याजोगे करण्याची युरोपीय युक्ती म्हणजे त्याचा प्रकाश तोडणे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रुसेल्सच्या परिसरात चिकोरीची मुळे अंधारात मातीखाली ठेवून त्यांना फुटणारे पांढरे कोंब काढण्याचे तंत्र आकाराला आले. १८३० च्या बेल्जियन क्रांतीच्या धामधुमीत एका शेतकऱ्याने तळघरात लपवलेली मुळे आपोआप फुटली, ही त्याची गोष्ट आवडीने सांगितली जाते आणि दंतकथा म्हणून ती ठीकही आहे. हेच तंत्र १८६० च्या दशकात एका बेल्जियन उद्यानतज्ज्ञाने, त्रेविझो ज्यात येते त्या व्हेनेतो प्रांतात आणले असे मानले जाते. त्रेविझोचे उशिराचे रॅडिकिओ आजही पहिल्या हिमकणांनंतर मुळासकट उपटतात, वाहत्या झऱ्याच्या पाण्यात अंधारात उभे ठेवतात आणि आतला नवा, लवचीक कोंब फुटल्यावर बाहेरची पाने काढून टाकतात. विटलूफची वाट निराळी ठरली. १९७० नंतर मातीऐवजी पाण्याच्या ताटांत त्याची वाढ होऊ लागली आणि पैदासकारांनी कडवटपणा कमी असलेल्या जाती निवडल्या. बुडाचा कडू गाभा शंकूच्या आकारात कापून काढण्याची जुनी सूचना त्यामुळे बरीचशी निरर्थक झाली आहे.

त्रेविझोत रॅडिकिओचे पहिले प्रदर्शन डिसेंबर १९०० मध्ये भरले. १९९६ मध्ये त्रेविझोच्या आणि कास्तेलफ्रांकोच्या जातींना मानांकन मिळाले, तर कियोज्जाच्या गोल गड्ड्याला २००८ मध्ये आणि व्हेरोनाच्या जातीला २००९ मध्ये. अमेरिकी दुकानांत ज्याला नुसतेच रॅडिकिओ म्हणतात तो कोबीसारखा गोल गड्डा मूळचा कियोज्जाचा, पण कॅलिफोर्नियात पिकवून त्याच सामान्य नावाने विकण्यात कायद्याची अडचण येत नाही. संरक्षण गावाच्या नावाला आहे, भाजीच्या नावाला नाही.

चीजच्या बाबतीत ही रेषा ओढणे अवघड होते, कारण ‘पार्मेझान’ या शब्दातच पार्मा हे गाव आहे, आणि तरीही तो शब्द फ्रेंचमधून युरोपभर जाऊन शतके लोटली होती. पार्माच्या सरदारघराण्याने १६१२ मध्येच या चीजच्या मूळस्थानाविषयी दस्तऐवज केला होता. १९५१ मध्ये काही युरोपीय देशांनी चीजच्या नावांविषयी करार केला, १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने मानांकनाचा नियम आणला आणि १९९६ मध्ये ‘पार्मिजानो रेज्जानो’ हे जोडनाव नोंदवले गेले. वादाचे मूळ याच जोडनावात होते. जर्मनीत इतर चीजही ‘पार्मेझान’ म्हणून विकले जाई, आणि जर्मनीचे म्हणणे असे की संरक्षण पूर्ण नावाला आहे, त्याच्या एका तुकड्याला नाही. ‘नॉर्मंडीचे कामेम्बेर’ हे फ्रेंच चीजचे नाव संरक्षित असूनही ‘कामेम्बेर’ कोणीही वापरू शकतो, तसेच ‘पार्मेझान’ म्हणजे किसून खाण्याचे कठीण चीज, एवढाच अर्थ आता उरला आहे.

यापूर्वी २००२ मध्ये एक लहान निकाल लागला होता. पार्मा भागातीलच एक उत्पादक इटलीत विकता न येणारी चीजची पूड ‘पार्मेझान’ या नावाने इतर देशांत पाठवत असे, आणि जुनी नावे काही काळ चालू देणाऱ्या सवलतीचा आधार त्याला घेता येणार नाही असे युरोपीय न्यायालयाने सांगितले. मोठा खटला २००५ मध्ये युरोपीय आयोगाने त्याच न्यायालयात जर्मनीविरुद्ध दाखल केला आणि त्याचा निकाल २६ फेब्रुवारी २००८ रोजी लागला. त्या निकालाचे दोन भाग आहेत आणि बातम्यांत सहसा पहिलाच सांगितला जातो. पहिल्या भागात न्यायालयाने म्हटले की दोन्ही नावे कानाला आणि डोळ्याला सारखी आहेत, दोन्ही चीज कठीण व किसण्याजोगी आहेत, म्हणून ‘पार्मेझान’ हे नाव वाचताच ग्राहकाच्या मनात मूळ चीज उभे राहते आणि हा संरक्षणाचा भंग आहे. शब्द सामान्यनाम झाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जर्मनीवर टाकण्यात आली. तिने शब्दकोश आणि लेख पुढे केले, पण जर्मनीतील आणि इतर सदस्य देशांतील ग्राहक या शब्दाकडे कसे पाहतात याचे पुरेसे चित्र त्यांतून उभे राहत नाही, असे न्यायालयाने ठरवले. शिवाय जर्मनीत विकल्या जाणाऱ्या काही डब्यांवरच इटलीची निसर्गदृश्ये आणि खुणा छापलेल्या होत्या. हा मुद्दा बिनतोड होता. शब्दाचा इटलीशी संबंध नाही म्हणायचे आणि डब्यावर इटलीच छापायची, हे एकत्र चालणारे नव्हते.

दुसऱ्या भागात मात्र तो खटलाच फेटाळला गेला. भंग झाला तरी प्रत्येक सदस्य देशाने स्वतःहून कारवाई करण्याचे बंधन तेव्हाच्या नियमांत नाही, उत्पादनाच्या नियमांचे पालन होते की नाही हे पाहणे मूळ देशाचे काम आहे आणि ज्याची तक्रार असेल त्याने भंग जेथे झाला त्या देशाच्या न्यायालयात जावे, असे सांगण्यात आले. म्हणजे इटालियन उत्पादकांना शब्द मिळाला, पण तो राखणारा पहारेकरी मिळाला नाही. ती उणीव २०१२ च्या नव्या नियमाने भरून काढली, ज्यात गैरवापर रोखण्याची पावले उचलणे सदस्य देशांवर बंधनकारक झाले. या निकालाची तक्रार करायचीच तर एवढीच करता येईल की शब्दाचा इतिहास काय, या प्रश्नाचे उत्तर मिळालेच नाही. पुरावा कोणी द्यायचा, यावर सगळे ठरले.

अटलांटिकपलीकडे यातले काहीही लागू नाही. अमेरिकी संघीय नियमांनुसार ‘पार्मेझान’ म्हणजे किमान दहा महिने मुरवलेले, ३२ टक्क्यांहून अधिक ओलावा नसलेले चीज, मग ते कुठेही बनो. मूळ चीजला किमान बारा महिने लागतात आणि त्याच्या एका किलोसाठी सुमारे १४ लिटर कच्चे, अंशतः साय काढलेले दूध खर्ची पडते.

व्हिनेग्रेटमध्ये चीज घालण्याची चाल तुलनेने नवी आहे. १६९९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या सॅलडविषयीच्या पुस्तकातील मसाल्यात तेल, व्हिनेगर, मीठ, मोहरी आणि अंड्यातले पिवळे असते, आणि फ्रेंच स्वयंपाकाच्या काटेकोर व्याख्येतही व्हिनेग्रेट म्हणजे तेल आणि व्हिनेगर यांचे सुमारे तीनास एक असे मिश्रण. चीज घातले की काही जुने आचारी त्याला त्या नावाने ओळखायला तयार नसतात. पण कडू पानांशी त्याचे जमते याला कारण आहे. मिठातील सोडियम जिभेवरची कडू चव दाबतो, हे चवीच्या अभ्यासातून दिसून आले आहे. मुरलेल्या चीजमध्ये मीठ असते, ग्लुटामेटची, म्हणजे अजिनोमोटोसारखी, चव असते आणि कडवट रस जिभेला थेट लागू न देणारी स्निग्धताही असते. म्हणून अशा कृतीत मीठ वेगळे घालताना हात आखडता घ्यावा लागतो आणि चीज अगदी बारीक किसावे लागते, नाहीतर ते तेलात मिसळण्याऐवजी तळाशी बसते.

लंडनमध्ये राहणाऱ्या शाकाहारी मराठी घरात हे सॅलड करायचे झाले तर या सगळ्या इतिहासाची गाठ दुकानाच्या कपाटापाशी पडते. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांनुसार दूध वासराच्या जठरातील रेनेटनेच विरजावे लागते, त्यामुळे शाकाहारी पार्मिजानो असूच शकत नाही. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून मिळणारे रेनेट वापरलेल्या तशाच चीजला तेथे पार्मेझान म्हणता येत नाही. त्याच्या वेष्टनावर ‘इटालियन पद्धतीचे कठीण चीज’ असे लिहिलेले असते, आणि कृतीत लिहिलेला शब्द त्या कपाटात शोधणाऱ्याला तो फक्त शेजारच्या, त्याला न चालणाऱ्या पाकिटावर सापडतो.