मराठी वाचक पेपरपासून दूर कसा गेला?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईत पेपर यायचा थांबला. १८ एप्रिलला राज्य सरकारने छपाईला परवानगी दिली, पण घरोघर वाटपाला मनाई केली. पेपरच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. पुढे वाटप सुरू झाले, तरी सकाळी चहाबरोबर पेपर उघडण्याची सवय अनेक घरांत परतली नाही.

याचे खापर एकट्या करोनावर फोडता येणार नाही. एके काळी बातमीच्या वेळा ठरलेल्या होत्या: सकाळी पेपर, ७.०५ ला पुणे आकाशवाणी, संध्याकाळी मुंबई दूरदर्शन. २००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा आणि आयबीएन लोकमत आले आणि बातमी दिवसभर वाहू लागली. पण चोवीस तास भरायचे, तर जिल्ह्याजिल्ह्यांत बातमीदार नेमण्यापेक्षा चार जणांना स्टुडिओत बसवून भांडायला लावणे स्वस्त पडते. माझ्या मते लोकांचा विश्वास सर्वाधिक झिजला तो तिथेच. पेपरचेही उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर, त्यात सरकारी जाहिराती मोठ्या. वाचकाला हे कळत होते, फक्त दुसरीकडे जायची सोय नव्हती.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ती सोय झाली. त्याच वर्षी ‘अक्षरनामा’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले, २०१७ मध्ये बीबीसी मराठी. ग्रामीण भारतावर काम करणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळाचे लेख मराठीतही वाचायला मिळू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही या वृत्तवाहिनीची मालकी अदानी समूहाकडे जात असताना तिथले हिंदी पत्रकार रवीश कुमार बाहेर पडले आणि यूट्यूबवर बोलू लागले. माणूस बदलला नव्हता, म्हणून प्रेक्षकही त्यांच्यामागे गेले.

पण त्याच फोनवर अफवाही येते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एवढी किंमत मोजल्यावर!

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. पंचायत समितीची बैठक, बाजार समितीतला कांद्याचा भाव, बंद पडलेले आरोग्य केंद्र यांची बातमी आजही बहुतेकदा पेपरचा तालुका वार्ताहरच आणतो, तुटपुंज्या मानधनावर. यूट्यूबवर तिच्यावर भाष्य होते, पण तिथवर जाणारा माणूस नव्या माध्यमांनी क्वचितच नेमला आहे. ‘न्यूजलाँड्री’ या वृत्तसंकेतस्थळाने वाचकांच्या वर्गणीवर बातमीचे काम उभे करून दाखवले. मराठीत असे प्रयत्न अजून मोजकेच आहेत आणि पेपर बंद केल्यावर वाचलेले पैसे आपण बहुतेक जण मोबाइलच्या रिचार्जवरच खर्च करतो.