राजौरीचा रस्ता आणि रामा राघोबा राणे यांचे परमवीर चक्र

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळाले ते शत्रूचे ठाणे जिंकल्याबद्दल नव्हे, तर गोळीबार अंगावर घेत रस्ता मोकळा करून दिल्याबद्दल. म्हणून त्यांचे शौर्य समजून घ्यायचे तर आधी तो रस्ता समजून घ्यावा लागतो.

नोव्हेंबर 1947 मध्ये जम्मू भागातली राजौरी पाकिस्तानकडून आलेल्या हल्लेखोरांच्या हाती पडली. मार्च 1948 मध्ये त्याच भागातले झांगड हे ठाणे परत मिळवल्यावर भारतीय सैन्याने नौशेराहून राजौरीकडे कूच करण्याचे ठरवले. काश्मीरकडे जाणाऱ्या जुन्या मोगल वाटेवरचा हा डोंगराळ मार्ग शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे आडवी टाकून बंद केला होता, आणि रणगाड्यांवाचून पुढे सरकणे पायदळाला अवघड होते.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे 1940 मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे जुन्या बोलीत सफरमैना पलटणीत (रस्ते बांधणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या सैनिकांच्या), भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. अधिकारी होऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले असताना ही कामगिरी त्यांच्याकडे आली.

8 एप्रिलला काम सुरू होते न होते तोच शत्रूने उखळी तोफांचा भडिमार केला. त्यात दोन जवान ठार झाले आणि स्वतः राण्यांसह पाच जण जखमी झाले. तरीही त्यांनी तुकडीची जुळवाजुळव करून सुरुंग काढणे चालू ठेवले. पुढचे तीन दिवसही तसेच गेले. 10 तारखेला पाच मोठे पाइन वृक्ष आडवे टाकून आणि सुरुंग पेरून केलेला अडथळा त्यांनी दोन तासांत दूर केला. 11 तारखेला पहाटे सहापासून रात्री अकरापर्यंत राबून राजौरीच्या अलीकडच्या चिंगसपर्यंतची वाट खुली केली. दुसऱ्याच दिवशी सैन्य राजौरीत पोहोचले. हातघाईच्या लढाईत आवेश माणसाला पुढे रेटतो. सुरुंग मात्र थंड डोक्याने, एकेक करून काढावा लागतो, आणि ते धैर्य मला अधिक दुर्मीळ वाटते.

हे सारे घडले तेव्हा परमवीर चक्र अस्तित्वातच नव्हते. त्याची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली आणि ती 15 ऑगस्ट 1947 पासून लागू मानण्यात आली, म्हणूनच काश्मीरच्या पहिल्या युद्धातील वीरांना ते देता आले. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. त्यावरील इंद्राचे वज्र दधीची ऋषींच्या अस्थिदानाची आठवण देते. पहिल्या मानकऱ्यांपैकी बहुतेकांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. राणे मात्र तो जिवंतपणी स्वीकारणारे पहिले वीर ठरले.