यकृताची प्रतिऑक्सिडीकारक व्यवस्था आणि आहार (बेळगाव सीमाभाग)

ऑक्सिजनच्या वापरातून, तसेच औषधे, मद्य व इतर परकी द्रव्ये यांच्या विघटनातून यकृताच्या पेशींत इजा करू शकणारी क्रियाशील ऑक्सिजन-संयुगे सतत निर्माण होत असतात. त्यांना निष्प्रभ करणारी एंझाइमे, पेप्टाइडे व जीवनसत्त्वे यांचा समुच्चय म्हणजे यकृताची प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) व्यवस्था होय. ही व्यवस्था आहारावर कशी अवलंबून असते याचा विचार येथे केला आहे. उदाहरणे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी व अथणी या पट्ट्यातील मराठी भाषकांच्या आहारातून घेतली आहेत.

घटक व कार्य : सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एंझाइमाला तांबे व जस्त लागते, त्याच्या सूत्रकणिकांतील (मायटोकाँड्रियांतील) प्रकाराला मँगॅनीज लागते. कॅटॅलेजमध्ये लोह असते, तर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजमध्ये सेलेनियम. या सर्वांच्या केंद्रस्थानी ग्लुटाथायोन आहे. ग्लुटामिक अम्ल, सिस्टीन व ग्लायसीन या तीन ॲमिनो अम्लांचे हे लहानसे पेप्टाइड यकृतपेशीत लिटरला सुमारे ५ ते १० मिलिमोल इतक्या भरघोस प्रमाणात आढळते. तिन्हींपैकी तुटवडा पडतो तो बहुधा सिस्टिनाचा. अन्नातील मिथिओनीन या ॲमिनो अम्लापासून यकृत सिस्टीन तयार करू शकते, मात्र त्यासाठी ब६ जीवनसत्त्व हवे. वापरलेले ग्लुटाथायोन पूर्ववत करणाऱ्या एंझाइमाला रिबोफ्लाविनापासून बनलेले सहएंझाइम व नायसिनापासून बनलेले एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारे सहएंझाइम) लागते. खाल्लेले ग्लुटाथायोन आतड्यातच बहुतांशी तुटते. म्हणजे यकृताला हे संरक्षण बाहेरून तयार मिळत नाही. ते त्याला कच्च्या मालातून स्वतः घडवावे लागते, आणि ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ म्हणून मिरवणाऱ्या फळांपेक्षा ताटातील प्रथिनांचे वजन येथे जास्त ठरते.

इतिहास : ग्लुटाथायोनच्या शोधाचे श्रेय सामान्यतः फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स (१९२१) यांना दिले जाते. परंतु यीस्टमधील गंधकाशी संयोग पावणारे एक द्रव्य जोसेफ द रे-पैलाद यांनी १८८८ मध्येच नोंदवून त्याला ‘फिलोथायन’ म्हटले होते. ते द्रव्य व ग्लुटाथायोन एकच, असे मानण्याकडे आता कल आहे. हॉपकिन्स यांनी प्रथम ते दोनच ॲमिनो अम्लांचे मानले. ग्लायसिनाची भर १९२९ च्या सुमारास निश्चित झाली.

आहार व यकृत यांचा संबंध मात्र वेगळ्या वाटेने पुढे आला. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृताचे मोठे भाग अचानक मृत होतात व सिस्टीन दिल्यास ते टळते, असे १९३५ मध्ये दिसून आले. पुढे हॅरल्ड हिम्सवर्थ व त्यांचे सहकारी यांनी लंडनमध्ये याचा पाठपुरावा केला. क्लाउस श्वार्त्स यांना ई जीवनसत्त्वानेही तोच बचाव होतो असे आढळले. सिस्टीन की ई जीवनसत्त्व, हा वाद बराच काळ चालला. १९५७ मध्ये श्वार्त्स व फोल्ट्झ यांनी तोरुला यीस्टच्या आहारावरील उंदरांना वाचवणारा तिसरा घटक सेलेनियम असल्याचे दाखवले. तत्कालीन सिस्टिनाचा गुण अंशतः तरी त्यात मिसळलेल्या सेलेनियमाच्या लेशामुळे असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७३ मध्ये सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचाच भाग असल्याचे सिद्ध झाले आणि तिन्ही धागे जुळले : सिस्टीन कच्चा माल पुरवते, सेलेनियम एंझाइम चालवते, ई जीवनसत्त्व पेशीपटलातील स्निग्धांश राखते.

कुपोषित मुलांतील सुजेच्या विकाराचे (क्वाशिओरकॉर) मूळही प्रतिऑक्सिडीकारकांच्या अभावात आहे, असे मत १९८७ मध्ये मांडले गेले. अशा मुलांत ग्लुटाथायोन कमी असते हे खरे. पण मलावीत मुलांना प्रतिऑक्सिडीकारक पूरके देऊन झालेल्या चाचणीत (२००५) विकार टळला नाही.

धान्ये व डाळी : पूर्वेकडील अथणी, रायबागच्या कोरड्या पट्ट्यात ज्वारीची भाकरी, तर खानापूरच्या घाटमाथ्याकडे भात व नाचणी हे मुख्य अन्न. ज्वारीत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी, डाळींत मिथिओनीन कमी. भाकरी व आमटी एकत्र आल्या की परस्परांची उणीव भरून निघते. नाचणीत मिथिओनीन तुलनेने बरे असते. ज्वारीत ल्यूसीन हे ॲमिनो अम्ल जास्त असल्याने नायसिनाच्या चयापचयात बिघाड होऊन दख्खनमध्ये पेलाग्रा (नायसिनाच्या अभावाचा रोग) होतो, असे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये सुचवले. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष पुढे एकसारखे आले नाहीत, त्यामुळे ल्यूसीन हे एकमेव कारण मानणे कठीण आहे. तरीही आमटी पातळ होत जाऊन नुसती भाकरी-ठेचा उरतो तेव्हा सिस्टीन व एनएडीपीएच या दोन्ही बाजूंनी यकृताची ओढाताण संभवते. अंडी, मासे, दूध व कलेजी यांनी ही तूट लवकर भरते.

उपवास व पथ्य : चोवीस ते अठ्ठेचाळीस तास उपाशी ठेवलेल्या उंदरांत यकृतातील ग्लुटाथायोन निम्म्याच्या आसपास येते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने लागोपाठच्या उपवासांत त्याची खिचडी पोट भरते, पण सिस्टीन पुरवत नाही. शेंगदाण्याचे कूट थोडी भर घालते. एरवी निरोगी माणसाला एकादशीने काही होत नाही. प्रश्न येतो तो ताप अंगावर काढत उपाशीपोटी पॅरासिटामॉलच्या गोळ्या जास्त घेतल्या तर. या औषधाचा लहान अंश यकृतात विषारी मध्यद्रव्यात बदलतो व त्याला ग्लुटाथायोन बांधून टाकते. साठा आटलेला असेल तर तेच मध्यद्रव्य पेशींवर उलटते. अशा विषबाधेवर दिले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध सिस्टीनच पुरवते.

काविळीच्या पथ्यात तेल-तूप बंद, डाळ जड म्हणून बंद, हळद पिवळी म्हणून बंद आणि ताकभात, मुळा, उसाचा रस चालू, अशी घरोघरची रीत आहे. मळमळ असताना स्निग्ध पदार्थ नकोसे वाटतात, तेव्हा ते कमी करणे समजण्यासारखे आहे. डाळ आठवडेच्या आठवडे तोडणे मात्र समर्थनीय नाही. जुनाट सिरोसिसमध्येदेखील (यकृत कठीण व व्रणमय होण्याच्या विकारात) दर किलोग्रॅम वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असा सध्याचा संकेत आहे.

तेले व गोड पदार्थ : करडईच्या तेलात लिनोलीक अम्ल सुमारे ७० ते ७५ टक्के असते. अशी बहुअसंतृप्त मेदाम्ले पेरॉक्सिडीभवनाला (ऑक्सिजनमुळे होणाऱ्या बिघाडाला) चटकन बळी पडतात. मात्र याच तेलात ई जीवनसत्त्वही पुष्कळ असते. भजी तळून उरलेले तेल पुन्हापुन्हा तापवल्यास हे जीवनसत्त्व घटते, अम्ले तेवढी ऑक्सिडीभूत होत राहतात. मद्य दिलेल्या उंदरांच्या यकृताला इजा होण्यास आहारातील लिनोलीक अम्ल आवश्यक असते, असे नानजी व फ्रेंच या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले. मद्य स्वतःही सूत्रकणिकांतील ग्लुटाथायोन घटवते. बेळगावचा कुंदा व गोकाकचा करदंट यांची कीर्ती रास्त आहे, पण जादा साखरेतून यकृतात चरबी साठते, आणि गूळ वापरला म्हणून यात फार फरक पडत नाही.

भाज्या व मसाले : बेळगावभोवतीच्या गावांतून गोव्याकडे जाणाऱ्या कोबीत ग्लुकोसिनोलेटे ही गंधकयुक्त संयुगे असतात. कच्चा कोबी चिरल्यावर त्यांच्यापासून आयसोथायोसायनेटे बनतात. ही द्रव्ये क्रियाशील ऑक्सिजन-संयुगांशी स्वतः फारशी लढत नाहीत. पेशीतील केॲप१ या प्रथिनाच्या पकडीतून एनआरएफ२ या नियामक प्रथिनाला सोडवून यकृताच्या संरक्षक एंझाइमांची निर्मिती वाढवतात. कोबी फार शिजवल्यास आयसोथायोसायनेटे बनवणारे मायरोसिनेज हे एंझाइम नष्ट होते, म्हणून या बाबतीत कोशिंबीर सरस. हळदीतील कर्क्युमीन रक्तात फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पायपरीनमुळे शोषण बरेच वाढते, असे बंगळूरमधील १९९८ च्या प्रयोगात दिसले. तथापि हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे यकृतदाह झाल्याची प्रकरणे अलीकडे नोंदली गेली आहेत. फोडणीतल्या चिमूटभर हळदीला हा आक्षेप लागू नाही.

बुरशी : पावसात भिजलेल्या शेंगा व मका यांवर ॲस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सीन हे विष तयार होते. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत असा मका खाऊन यकृतदाहाची मोठी साथ आली व शंभरावर माणसे दगावली. यकृतात अफ्लाटॉक्सिनाचे तीव्र क्रियाशील रूप बनते आणि ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज ते ग्लुटाथायोनशी जोडून बाहेर घालवते. छोट्या उंदरांत (माउस) हे एंझाइम फार समर्थ असल्याने त्यांना या विषाची बाधा कमी होते, मोठ्या उंदरांना (रॅट) जास्त. माणसातील एंझाइम या कामी दुबळे आहे. भाजल्याने अफ्लाटॉक्सीन पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे शेंगांच्या चटणीसाठी दाणे भाजण्याआधीच सुरकुतलेले, काळपट व बुरशी धरलेले दाणे निवडून काढणे हाच खरा उपाय ठरतो.