हॅट टिप

एखादी कल्पना, माहिती किंवा बातमी ज्याच्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली, त्याचे नाव मजकुरातच घेऊन ऋण मान्य करण्यासाठी वापरली जाणारी इंग्रजी शब्दयोजना. समोरच्याला मान देण्यासाठी हॅटची कड बोटांनी धरून ती किंचित उचलण्याच्या पाश्चात्त्य रिवाजावरून ती आली. लेखनात बहुधा ‘एच/टी’ एवढाच संक्षेप करून पुढे नाव देतात.

मूळ निर्मात्याचा उल्लेख याहून वेगळा आहे. गोदाघाटाचे जुने छायाचित्र छापताना छायाचित्रकाराचे नाव ‘सौजन्य’ म्हणून येते. ते छायाचित्र नजरेस आणून देणाऱ्याला मिळते ती हॅट टिप. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ मध्ये स्पष्ट केले असल्याने, प्रेरणेचा असा उल्लेख कायद्याने बंधनकारक नाही. मात्र दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उचलायचा असेल, तर केवळ हॅट टिप देऊन परवानगीची गरज टळत नाही.

मराठीत हा संकेत शब्दशः आणता येत नाही. पागोटे वा पगडी डोक्यावर ठेवूनच मोठ्यांसमोर जाण्याची येथील रीत होती आणि ‘टोपी घालणे’ म्हणजे तर फसवणे. ‘ऋणनिर्देश’ हा शब्द जवळचा असला, तरी तो ग्रंथाच्या आरंभीच्या स्वतंत्र मजकुरासाठी रूढ झाला आहे. गायक गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, ती खूण हॅट उचलण्याच्या अधिक जवळ जाते.

मूळ भाव मात्र येथे जुनाच आहे. त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे, त्या निवृत्तिनाथांना गुरू म्हणून वंदन करणाऱ्या ज्ञानेश्वरांनी, व्यासांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट पुसत आपण चाललो, असे ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. ‘वाट पुसणे’ याइतका नेमका मराठी पर्याय दुसरा सापडणे कठीण. त्र्यंबकेश्वरीच १८७० मध्ये जन्मलेल्या आणि पुढे नाशिकमध्ये चित्रपटनिर्मिती केलेल्या दादासाहेब फाळके यांनीही आपल्याला वाट दाखवणाऱ्या कृतीचा उल्लेख मोकळेपणाने केला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित होऊन त्यांची कीर्ती झालेली होती, तरी १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिताना, ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहत असता आपल्या मनःचक्षूंपुढे श्रीकृष्ण व श्रीरामचंद्र उभे राहिले आणि तेथूनच या उद्योगाची ओढ लागली, असे त्यांनी नमूद केले.