माघ-फाल्गुनातली गारपीट : सोलापूर जिल्ह्याची पार्श्वभूमी

फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर जिल्ह्यात गारांचा मारा झाला की ‘असं पूर्वी कधी नव्हतं’ हे हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर गारा पूर्वीही पडत. त्या दिवसांत शिवारात जे उभं असतं, ते मात्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पार बदललं.

आधी आभाळाचं पाहू. भूमध्य आणि कॅस्पियन समुद्राकडून निघालेले कमी दाबाचे पट्टे इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयावर येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं, बातम्यांत पश्चिमी चक्रावात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार-सहा येतात आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ टाकून जातात. फेब्रुवारीअखेरचा बर्फ विशेष घातक. जुन्या, गोठून गुळगुळीत झालेल्या थरावर दोन दिवसांत नवा जड थर बसतो, वरून ऊन तापू लागलेलं असतं, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो अख्खा थर सुटतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर असंच हिमस्खलन झालं. ५४ कामगार अडकले, त्यांतले ८ दगावले.

बहुतेक विक्षोभ उत्तरेतच विरतात. पण एखाद्याची द्रोणी (कमी दाबाचा लांबट खळगा) दक्षिणेकडे खोल उतरली, तर उंचावरची थंड हवा थेट दख्खनच्या पठारावर येते. इकडे शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघालेली असते, दुपारचा पारा पस्तिशीकडे सरकलेला असतो. खाली तापलेली जमीन, वर गारठा, आणि अरबी समुद्र व बंगालच्या उपसागराकडून येणारं बाष्प, या तिन्हींची गाठ पडली की तासा-दोन तासांत ढग उभा राहतो. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्यावर पाणी गोठतं ती उंची, पाच किलोमीटरच्या वर असते, त्यामुळे लहान गार खाली येईपर्यंत विरघळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पातळी सहसा बरीच खाली असते आणि ढगातला वर जाणारा झोतही जोरकस असतो. हरभऱ्याएवढी गार तोलून धरायला ताशी ३५-४० किलोमीटरचा झोत पुरतो. लिंबाएवढीला तो शंभराच्या आसपास लागतो. म्हणून गारेच्या आकारावरून ढगाच्या ताकदीचा अंदाज करता येतो.

इशारे वाचताना जिल्ह्यात एक घोळ नेहमी होतो. हवामान खात्याच्या विभागणीत सोलापूर ‘मध्य महाराष्ट्रा’त येतं आणि शेजारचं धाराशिव ‘मराठवाड्या’त. बार्शी किंवा अक्कलकोटच्या शेतकऱ्याने फक्त मध्य महाराष्ट्राची ओळ वाचली, तर अर्धा अंदाज सुटतो. दोन्ही ओळी वाचाव्यात, आणि त्या दिवसाचा तीन तासांचा तातडीचा इशारा वेगळा पाहावा. (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत वासराच्या हालचालींवरून होणाऱ्या भाकणुकीवर श्रद्धा असायला हरकत नाही. मार्चमधल्या दुपारच्या ढगाच्या अंदाजाचं काम मात्र तिच्यावर सोपवू नये.)

आता शिवाराचं. हा जिल्हा मुळात रब्बी ज्वारीचा. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही इथे पेरली जाते, आणि कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सोलापुरात १९३३ साली सुरुवात झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी फेब्रुवारीत निघते. अवकाळी आला तर दाणा काळा पडतो, बुचाडातला कडबा भिजून कुबट होतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. नुकसान मोठंच, पण त्याला मर्यादा होती. मळणी उरकली की शिवार मोकळं व्हायचं.

पुढे हे चित्र बदललं. १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि पाणी आलं. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने सांगोला-पंढरपूरकडे डाळिंब पसरलं. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ हे द्राक्षाचं वाण दिलं. २००५मध्ये डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच सोलापूरला, केगावला आलं. परिणाम असा की ज्या आठवड्यांत पूर्वी खळी मोकळी होत, नेमक्या त्याच आठवड्यांत आता द्राक्ष तोडणीला, बेदाणा रॅकवर आणि हस्त बहराचं (सप्टेंबर-ऑक्टोबरात फुललेलं) डाळिंब झाडावर असतं, तर आंबे बहर (उन्हाळ्याच्या तोंडावरचा) फुलावर.

यात बेदाणा सगळ्यांत नाजूक. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल (द्राक्ष लवकर सुकावं म्हणून वापरायचं तेल) घेऊन द्राक्षं दोन-चार मिनिटं बुडवतात, मग जाळीच्या रॅकवर पसरतात. १२ ते १५ दिवसांत ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आला की चार किलो द्राक्षांचा एक किलो माल होतो. हिरवा रंग टिकतो तो वेगाने सुकण्यावर. पहिल्या आठवड्यात हवा दमट झाली की सुकणं रेंगाळतं, साल तपकिरी पडते, मणी चिकटतात आणि बुरशी धरते. गार एकही न लागता, नुसत्या ढगाळ हवेने भाव पडतो. शेडच्या बाजूंना ताडपत्री सोडावीच लागते, पण पाऊस थांबल्यावर ती लगेच वर घेतली नाही तर आत वाफ कोंडून तेच नुकसान होतं.

डाळिंबाचं दुखणं वेगळं. गारेचा फटका बसलेलं फळ तर जातंच, पण सालीवरच्या आणि फांद्यांवरच्या जखमांतून तेल्या या डागांच्या रोगाचा जिवाणू आत शिरतो आणि वाचलेली बागही पुढे धोक्यात येते. म्हणून मोडलेल्या फांद्या जखमेच्या खाली दोन इंचांवर छाटून बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) पेस्ट लावायची, आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत फवारणी घ्यायची. फळं असताना बोर्डो अर्धा टक्काच ठेवावं : शंभर लिटरला अर्धा किलो मोरचूद, अर्धा किलो चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावं. द्रावणात स्वच्छ विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला आहे, तसंच फवारलं तर फळाच्या सालीवर डाग पडतात. घाईत ही तपासणी हटकून राहते.

नुकसानीच्या नोंदीत २०१४ हे वर्ष ठळक आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत गारा पडल्या. सोलापूर त्यांत होतं. त्यातच ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मदतीला निवडणूक आयोगाच्या परवानगीची वाट पाहावी लागली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल उत्तर भारतासह महाराष्ट्रात पुन्हा तेच झालं. त्यानंतर केंद्राने मदतीसाठीची किमान नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली. २०२३च्या मार्चमधल्या गारपिटीत राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर होते, पंचनामे अडले.

आपत्ती निधीच्या केंद्रीय यादीत गारपीट, हिमस्खलन आणि थंडीची लाट आहे, अवकाळी पाऊस नाही. तो महाराष्ट्राने राज्याच्या पातळीवर आपत्ती म्हणून धरला आहे. म्हणून पंचनाम्यात कारण काय लिहिलं हे तिथेच वाचून घ्यावं. केंद्राने २०२२-२६साठी ठरवलेले दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, आणि मर्यादा दोन हेक्टरची. द्राक्षाचा एकरी खर्च लाखांत जातो हे पाहता फळबागेचा आकडा अपुराच. बेदाण्याची अडचण आणखी वेगळी : मदत हेक्टरवर मोजतात आणि रॅकवरच्या मालाला हेक्टर नसतो. फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावं लागतं, अनेकांचं ते राहून गेलेलं असतं आणि कळतं नुकसानीनंतर.

फळपीक विम्यात गारपिटीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असते आणि गार तासाभरात वितळते. त्यामुळे विजा कडाडणं थांबताच आधी फोटो काढावेत : गारेशेजारी नाणं किंवा पट्टी, मागे ओळखू येईल असा बांध किंवा विहीर, मोबाइलचं लोकेशन सुरू. तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत पडलेली फळं बागेतून उचलू नयेत. फवारणी मात्र त्यांच्यासाठी थांबवू नये.